जीप कितीला पडली?



व्हिडिओत माझ्या मागं हिरवी जीप उभी दिसते ना, तिच्याबद्दल प्रश्न एकच येतो. मी वीस मिनिटं मार्जिन समजावतो, उधारी कशी वसूल करायची ते सांगतो, आणि शेवटी माणूस विचारतो, "सर, ते सगळं ठीक आहे, पण जीप कितीला पडली?"

याची माझ्याकडं तीन उत्तरं आहेत. चहाच्या टपरीवर सांगायचं उत्तर १,४०,०००, कारण तेवढ्याला मी ती विकत घेतली. डायरीतलं उत्तर ३,६१,०००. आणि आमच्या दुकानाचा हिशेब बायको बघते, तिचं उत्तर आहे "चार लाख आणि एक गिऱ्हाईक." तिचंच बरोबर आहे. कसं ते आज सविस्तर सांगतो, कारण जुनी गाडी घेऊन, तयार करून धंद्याला लावायची हा विचार तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या डोक्यात आहे हे मला माहीत आहे.

आधी मला जीप लागतच कशाला होती ते सांगतो. माझं दुकान पंप, मोटर आणि पाइपचं, गडहिंग्लज भागात. आमच्याकडं शेतकऱ्यांच्या मोटरी नदीकाठाला बसवलेल्या असतात. जून-जुलैत पाणी चढायला लागलं की त्या काढून वर आणाव्या लागतात. पाइपचा फ्लँज खोलायचा, फाउंडेशनचे बोल्ट सोडायचे, चेन ब्लॉकला मोटर उचलायची आणि मग रस्सा लावून चिखलातनं वर ओढायची. २०१९ आणि २०२१ चे महापूर ज्यांनी कोल्हापूर जिल्ह्यात बघितलेत, त्यांना पाणी किती झटपट चढतं हे सांगायची गरज नाही. मोटर पाण्यात गेली की वाइंडिंग गेलं. त्या दोन-तीन दिवसांत जो दुकानदार माणसं आणि सामान घेऊन काठावर पोहोचतो, वर्षभराचं काम त्याच्याकडं जातं.

माझ्याकडं होती एक मोटरसायकल आणि भाड्याचा टेम्पो. टेम्पो डांबर सोडून खाली उतरत नाही. काळ्या चिखलात मागची दोन चाकं फिरायला लागली की गाडी स्वतःलाच गाडून घेते. म्हणून फोर बाय फोर. आणि नवी घ्यायची ऐपत नाही, म्हणून जुनी.

महिंद्राची एमएम ५४० मी का निवडली, यात थोडी हौस होती हे कबूल करतो. पण व्यवहारही होता. महिंद्रानं १९४७ मध्ये विलीस जीप जोडायला सुरुवात केली आणि पुढं कितीतरी वर्षं त्याच घराण्यातल्या गाड्या काढल्या. मॉडेलचं नाव बदलायचं, पण खालचा सांगाडा त्याच वळणाचा. त्यामुळं एका जीपचे पुष्कळ भाग दुसरीला बसतात आणि ते आजही मिळतात. पत्रा सरळ, वाकडं-तिकडं वळण कमी, म्हणून गावातला पत्रेवालाही काम करू शकतो. इलेक्ट्रॉनिक काही नाही. इंजिन २,११२ सीसीचं प्यूजो डिझेल, साधं आणि सोशिक. शिवाय कोल्हापूरचं उद्यमनगर जवळ. तिथं एखादा बुश, एखादी पिन मिळाली नाही तर लेथवर बनवून देणारा माणूस सापडतो. गाडी कुठली घ्यायची हे ठरवताना तिची दुरुस्ती तुमच्यापासून किती किलोमीटरवर होते ते आधी बघा. गाडीची किंमत त्याच्यानंतर.

फेब्रुवारी २०२३ ला १९९७ ची जीप बघायला गेलो. बघायला गेलो म्हणजे तिच्या प्रेमात पडायलाच गेलो. मालकानं चावी मारली, इंजिन लागलं, थोडा धूर आला. मी विचारलं, फोर बाय फोर चालू आहे का? त्यानं माझ्यासमोर लिव्हर ओढून दाखवला. या जीपला गिअरच्या शेजारी दोन छोटे लिव्हर असतात, एक पुढचा ॲक्सल जोडायला, दुसरा हाय-लो करायला. दोन्ही मस्त हलले. मी खूश.

गाडी घरी आली. दुसऱ्या दिवशी मिस्त्री खाली झोपला आणि हसायला लागला. "मालक, लिव्हर हाय, शाफ्ट कुठं हाय?" पुढच्या ॲक्सलला ताकद नेणारा प्रोपेलर शाफ्टच काढून ठेवलेला होता. डिझेल वाचावं म्हणून बरेच जण काढतात म्हणे, आणि मग तो भंगारात जातो. म्हणजे मी फोर बाय फोरचे पैसे देऊन टू बाय फोर आणली होती. गाडीखाली झोपायला दोन मिनिटं लागतात. मी स्वच्छ शर्ट घालून गेलो होतो.

दुसरी चूक कागदांची. मालक म्हणाला, "कागद ओके." मी आरसी बुकावर नाव आणि नंबर बघितला, तारीख बघितली नाही. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर दर ५ वर्षांनी आरटीओत गाडी दाखवून नूतनीकरण करावं लागतं. या जीपचं नूतनीकरण २०१२ ला झालं, २०१७ ला झालं, २०२२ चं राहिलेलं. हे एम-परिवहन ॲपवर नंबर टाकला असता तर जागेवर कळलं असतं. एक गोष्ट मात्र मी नशिबानं बघितली होती, इंजिन नंबर. या जीपांमध्ये पुष्कळदा दुसरंच इंजिन बसवलेलं असतं आणि आरसीवर नोंद जुन्याचीच राहते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असे बदल परवानगीशिवाय करता येत नाहीत. तशी गाडी घेतलीत तर आरटीओत तपासणीला उभी करताना घाम फुटेल. माझी जुळत होती. तेवढं वाचलो.

आता पैशाचं. खरेदी माझ्या बचतीतनं केली. दुरुस्तीचं बजेट ठरवलं १,५०,०००. त्यातले ६०,००० माझे, आणि ९०,००० मी उचलले दुकानातनं. एप्रिल-मे हा आमचा सीझन. उन्हाळ्यात मोटरी बंद पडतात, नवीन घेतल्या जातात. त्या सीझनचा माल भरायचे पैसे मी जीपला लावले. मनात हिशेब असा, की मेअखेर जीप तयार होईल, पावसात पैसे काढेल.

आणि कामाला सुरुवात केली रंगापासून.

का? कारण रंग दिसतो. दुकानासमोर उभी करायची, व्हिडिओत दाखवायची. पत्रा काम आणि रंग ५८,०००. पाच टायर ३०,०००. सीट आणि वरचा हूड १४,०००. पुढचा बंपर आणि एलईडी लाइट ९,०००. झाले १,११,०००. मे महिन्याच्या मध्यावर माझ्याकडं जिल्ह्यातली सगळ्यात देखणी जीप होती आणि ३९,००० रुपये शिल्लक होते. ब्रेक दाबला की पॅडल जमिनीला टेकायचं. पण ते "शेवटी करू" म्हणून ठेवलेलं होतं.

मग मिस्त्रीनं इंजिनचं ७०,००० सांगितलं. पूर्ण खोलायचं, लायनर-पिस्टन, सगळं. पैसे नव्हते. गाडी गॅरेजच्या कोपऱ्यात ठोकळ्यांवर उभी राहिली, वर ताडपत्री.

जुलैत नदी चढली.

सकाळी साडेसहाला एका अण्णांचा फोन आला. माझ्या वडिलांच्या काळापासूनचं गिऱ्हाईक. वर्षाला दोन-तीन मोटरींचं काम, भावकीतली आणखी पाच-सहा घरं त्यांच्या शब्दावर माझ्याकडं येणारी. गेल्या महिन्यात मीच त्यांना सांगितलं होतं, "अण्णा, यंदा काळजी करू नका, जीप घेतलीया." ते त्या भरवशावर थांबलेले. मी ट्रॅक्टर शोधायला लागलो. पाणी चढतं त्या दिवशी गावातला प्रत्येक ट्रॅक्टर स्वतःच्या नाहीतर भावकीच्या मोटरी ओढत असतो. दुपारी दोनला एक मिळाला. आम्ही पोहोचलो तेव्हा मोटर दिसत नव्हती, फक्त स्टार्टरच्या पेटीचा वरचा कोपरा दिसत होता. अण्णा काही बोलले नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मोटर निघाली ती ऑगस्टात, आणि वाइंडिंगला गेली दुसऱ्या दुकानात.

बायकोच्या हिशेबातलं "एक गिऱ्हाईक" ते हे.

यानंतरची चूक मात्र मी शिकलेला असून केली, म्हणून ती जास्त टोचते. सप्टेंबरमध्ये एक जण जीप बघून १,९०,००० द्यायला तयार झाला. रंगावर भाळला होता, माझ्यासारखाच. तोपर्यंत माझे खरेदीसकट २,५१,००० गेले होते. मी म्हटलं, छे, साठ हजार तोटा कोण सहन करणार? नाही म्हणून सांगितलं.

बीबीएला आम्हाला 'संक कॉस्ट' होतं. बुडीत खर्च, म्हणजे जो पैसा गेला तो गेला, पुढचा निर्णय घेताना तो मोजायचा नाही. परीक्षेत मी हे उदाहरणासकट लिहिलंय. गॅरेजमध्ये आठवलं नाही. बघा हं, त्या दिवशी खरा प्रश्न काय होता? जीप ठेवली तर हातात येणारे १,९०,००० सोडायचे आणि वर चालती करायला साधारण १,१०,००० घालायचे. म्हणजे त्या दिवसापासून मोजलं तर चालती जीप मला ३,००,००० ला पडणार होती. आणि त्याच वेळी ओळखीतली एक चालती, कागद पूर्ण असलेली जीप २,६०,००० ला मिळत होती. रंग साधा होता तिचा. माझी विकून ती घेतली असती तर ४०,००० वाचले असते आणि दुसऱ्या दिवशीपासून काम सुरू. पण "मी केलेली जीप" हा जो अहंकार असतो ना, त्याचा हिशेब कुठल्याच वहीत लागत नाही.

असो. दिवाळीनंतर दुसऱ्या मिस्त्रीकडं गेलो. वय साठच्या पुढं, हात अजून काळे. त्यानं रंगाकडं बघितलंसुद्धा नाही. एक स्क्रू ड्रायव्हर आणि छोटी हातोडी घेऊन खाली गेला आणि चेसिस ठोकत बसला. ठण-ठण आवाज येतो तिथं लोखंड आहे, भद्द आवाज येतो तिथं गंज. मागच्या पाट्यांच्या हँगरजवळ स्क्रू ड्रायव्हर आरपार गेला. वरनं काळा कोट मारलेला होता, म्हणून दिसत नव्हतं. जुनी गाडी घेताना खालनं ताजा काळा रंग दिसला तर खूश होऊ नका, तिथंच आधी ठोका.

बाहेर येऊन म्हणाला, "आधी थांबाय शिकवूया, मग वळाय, मग पळाय. नटवायचं नंतर."

त्याची पद्धत मी पूर्ण बघितली आणि ती धंद्यातल्या माणसानं समजून घेण्यासारखी आहे. एका वेळी एकच काम खोलायचं. ते संपवून, गाडी चालवून बघून मगच दुसरं. पहिल्या गॅरेजात सगळं एकदम उघडलेलं, त्यामुळं कुठल्याच दिवशी गाडी गाडी नव्हती. इथं पैसे संपले तरी जिथं थांबू तिथं चालती गाडी हातात राहणार. पैसेही त्यानं टप्प्यानं मागितले, काम दाखवून. आणि काढलेला प्रत्येक जुना भाग माझ्यासमोर पोत्यात टाकला. "बदललंय म्हणून सांगणाऱ्याकडनं जुनं मागून घ्या," हे त्याचंच वाक्य.

चेसिसला पट्ट्या वेल्ड करायच्या तर फ्लोअरचा नवा रंग जळणार. जळला. वेल्डिंग आणि परत रंग मिळून १२,०००. आधी खालचं काम केलं असतं तर यातला निम्मा खर्च झालाच नसता.

ब्रेक १३,५००. या जीपला चारही चाकांना ड्रम. मास्टर सिलिंडर, चाकातले सिलिंडर, पाइप नवीन, लायनर नवीन, ड्रम लेथवर साफ करून घेतले. इथं त्याचा एक नियम होता. रबर, सील, बेअरिंग, ब्रेकचा कुठलाही भाग आणि टायरॉड एंड हे कधी भंगारातनं घ्यायचं नाही. आणि लोखंडाचं जे जाड ओतीव काम असतं, गिअरचं केसिंग, ॲक्सलची नळी, शाफ्ट, ते नवीन घ्यायच्या भानगडीत पडायचं नाही, तपासून जुनं घ्यायचं. माझं बजेट वाचलं ते या एका नियमानं.

स्टेअरिंग ११,०००. जुन्या जीपला एका ठरावीक वेगाला स्टेअरिंग थरथरायला लागतं, हातातनं सुटेल असं. लोक व्हील बॅलन्सिंग करत बसतात. खरं दुखणं बहुतेक वेळा किंगपिनच्या बेअरिंगमध्ये आणि झिजलेल्या टायरॉड एंडमध्ये असतं. चाक जॅकवर घेऊन वर-खाली धरून हलवा, खळखळ हाताला लागते.

इंजिन त्यानं खोललंच नाही. सकाळी थंड गाडी चालू करून धूर बघितला. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. थंडीत पांढरा धूर आणि उशिरा लागणं म्हणजे आधी हीटर प्लग आणि नोझल बघा. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण काढून बघितलं, आतनं धुराचा फवारा येत नव्हता, म्हणजे रिंगा अजून बऱ्या होत्या. पंप-नोझलचं काम आणि हीटर प्लग, १६,०००. मला ७०,००० सांगितलेलं इंजिन ते हेच. पहिला मिस्त्री फसवत होता असं मी म्हणणार नाही. पूर्ण खोललं की त्याची जबाबदारी सोपी होते, आणि पैसे माझे असतात.

क्लच ९,०००. वायरिंग ८,०००. आणि राहिला ट्रान्सफर केस, म्हणजे फोर बाय फोरचा जीव. बेअरिंग, ऑइल सील, भंगारातनं तपासून आणलेला पुढचा शाफ्ट आणि त्याचे नवे क्रॉस, सगळे मिळून १८,५००.

इथं थोडं थांबून सांगतो, कारण ही चूक नवे लोक सर्रास करतात. या जुन्या पद्धतीत लिव्हर ओढला की पुढचा आणि मागचा ॲक्सल एकमेकांना घट्ट बांधले जातात. मध्ये डिफरन्शियल नसतो. वळताना पुढची चाकं मोठ्या वर्तुळातनं जातात, मागची छोट्या. चिखलात हा फरक चाकं घसरून भरून काढतात. डांबरावर चाक घसरत नाही, मग तो सगळा ताण शाफ्ट आणि गिअरवर येतो. म्हणून डांबरी रस्त्यावर फोर बाय फोर लावून मिरवायचं नाही. आणि मोटर ओढायची असेल तर लो लावून पहिला गिअर. गाडी मुंगीच्या चालीनं सरकते, ॲक्सिलरेटरला पाय लावायची गरज नसते, रस्सा झटका न बसता ताणला जातो. ज्या दिवशी पहिल्यांदा साडेसात एचपीची मोटर अशी उतारावरनं वर आली, त्या दिवशी मी मिस्त्रीला फोन लावला होता. तो म्हणाला, "बरं," आणि फोन ठेवला.

कागदांचे २२,००० गेले. नूतनीकरणाची फी, उशीर झाल्याचा दर महिन्याचा दंड, पर्यावरण कर, नाव बदलायचे फॉर्म २९ आणि ३०, विमा, पीयूसी आणि एजंट. कारवर्गातल्या १५ वर्षांवरच्या गाडीची नूतनीकरण फी एप्रिल २०२२ पासून ५,००० होती, मी त्या दरात बसलो. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांच्या पुढच्या गाडीला १०,००० झाली आहे. तुम्ही आता बजेट करत असाल तर आजचा आकडा धरा. उच्च सुरक्षा नंबर प्लेटही महाराष्ट्रात जुन्या गाड्यांना सक्तीची आहे.

विम्याच्या माणसानं आणखी एक गोष्ट लक्षात आणून दिली. माझी जीप पांढऱ्या पाटीची, खासगी. भाड्यानं माल नेला किंवा पैसे घेऊन माणसं बसवली आणि काही घडलं, तर विम्याचा दावा अडकतो. म्हणून जीपमध्ये फक्त माझी माणसं, अवजारं, चेन ब्लॉक आणि रस्सा जातो. मोटरी वर रस्त्याला आल्या की पुढं दुकानात भाड्याच्या टेम्पोनं येतात. फार्म स्टे काढून जीपमधनं पाहुणे फिरवायचा विचार ज्यांच्या डोक्यात आहे, त्यांनी गाडी बघायच्या आधी हे बघा. सरकारी खात्याची जुनी फोर बाय फोर लिलावात घेऊ म्हणणाऱ्यांना आणखी एक. एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांच्या पुढच्या सरकारी गाड्यांची नोंदणी वाढवून मिळत नाही, त्या भंगारातच जातात. ती वाट आता बंद समजा.

दुसरी फेरी एकूण १,१०,०००. आता दोन्ही फेऱ्या शेजारी ठेवून बघा. दुसऱ्या फेरीचं सगळं काम १,१०,००० आणि पहिल्या फेरीतले फक्त टायर ३०,०००. १,४०,०००. माझं बजेट होतं १,५०,०००. म्हणजे माझं बजेट चुकलेलं नव्हतंच. पैसे पुरत होते. मी ते उलट्या क्रमानं खर्च केले एवढंच. वही घेऊन हे मांडलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते आणि मी बराच वेळ त्या आकड्याकडं बघत बसलो.

राहिलेले पस्तीस हजार दुकानाचे. जे ९०,००० मी सीझनच्या तोंडावर काढले, त्यात दोनदा माल फिरला असता आणि एवढे सुटले असते, असा आमचा घरचा अंदाज. ३,६१,००० मध्ये ते मिळवा. बायकोचे चार लाख झाले.

आता तुम्ही विचाराल, कमावते का? मे २०२४ ला जीप कामाला लागली. त्या पावसाळ्यात ३१ वेळा काठावर गेली. मोटर काढायची मजुरी १,२०० प्रमाणे ३७,२०० आले. डिझेल आणि किरकोळ काम १४,०००. राहिले २३,२००. हेच काम मी ट्रॅक्टरवाल्याला फेरीला ८०० देऊन केलं असतं तर २४,८०० देऊन मला १२,४०० राहिले असते, एक रुपयाही न गुंतवता. म्हणजे चार लाखांच्या जीपनं मला वर्षाला १०,८०० जास्त दिले. बँकेची एफडी यापेक्षा बरी, आणि ती ऑइल गळत नाही.

पण त्या ३१ मधल्या २२ मोटरी पुढं माझ्याच दुकानात दुरुस्तीला आल्या. आणि ज्या दोन-तीन दिवसांत ट्रॅक्टर कुठल्याही भावात मिळत नाही, त्या दिवसांत मी पोहोचलो. माझ्यापुरता जीपचा अर्थ त्या दिवसांत आहे. तुमच्या धंद्यात असे दिवस किती येतात, जेव्हा भाड्यानं काहीच मिळत नाही, ते आधी मोजा. एकही येत नसेल तर भाड्याचं वाहन घ्या आणि जीपचे फोटो बघा, ते फुकट आहेत.

हौस म्हणून करायची असेल तर जरूर करा, मी कोण नाही म्हणणार? फक्त त्या वहीवर "दुकान" असं लिहू नका. वेगळी वही, वेगळं खातं, आणि सीझनच्या पैशाला हात नाही. मी आता जीपसाठी महिन्याला २,००० बाजूला टाकतो. पुढचं मोठं काम इंजिनचंच असणार, रिंगा कधीतरी बोलणारच आहेत. एलईडी लाइट विकून टाकला, ३,५०० आले.

रंग आता पहिल्यासारखा राहिला नाही. रस्सा घासून मागचा पत्रा खरवडलाय, बंपरला दोन पोचे आहेत. गेल्या महिन्यात अण्णा दुकानात आले. एक फूट व्हॉल्व्ह घेतला, पैसे रोख दिले. जाताना जीपजवळ थांबून म्हणाले, "रंग उडालाय की रं हिचा."

"हो अण्णा," म्हटलं, "पण थांबतीया आता."

ते हसले. मोटर अजून त्या दुसऱ्या दुकानाकडंच आहे.